दाराची पाळी

त्या दिवशी मधवालीच्या हातून काही अघटित व्हायचं होतं, याची सकाळी कुणाला कल्पना नव्हती. मांजर आडवं गेलं नाही, की कुणी मागून हाक मारली नाही. तिनं शेगडीत कोळसे सारले, आबांना कढत चहा दिला, रबरी नळी गळ्यात अडकवली आणि माश्यांचं ऐकायला निघाली. हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी ती हे काम करायची. तासाभराचं काम, त्यात सांगण्यासारखं काय असणार?

त्या डोंगरावर चार महिने बर्फ असायचं. बाहेर ठेवलेली मधपेटी दोन आठवड्यांत गोठून जायची. म्हणून पानगळ संपता संपता सगळ्या पेट्या उतारात खोदलेल्या तळघरात जायच्या आणि बर्फ वितळल्यावरच बाहेर यायच्या. तळघराला अठरा पायऱ्या, खाली एक जाड दार, आत काळोख. काळोख मुद्दाम ठेवलेला, कारण उजेड दिसला की माशीला वसंत आला असं वाटतं, ती घोळका सोडून उडते आणि मरते. तिथे शेगडी नाही, दिवा नाही. गेलंच तर टॉर्चला लाल कापड बांधून जायचं, कारण लाल उजेड माशीला दिसत नाही.

लोकांना वाटतं, माश्या हिवाळ्यात झोपतात. झोपत नाहीत. राणीला मध्ये घेऊन गोळा करतात आणि पंख न हलवता नुसतं अंग थरथरवत राहतात. त्या थरथरीची ऊब होते. जी माशी गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला असते तिला थंडी खावी लागते, पण कायमची नाही. थोड्या वेळानं ती आत सरकते आणि आतली बाहेर येते. हे सगळं मधवालीला आबांनी शिकवलं होतं. आबा म्हणजे तिचे वडील. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पाढे म्हणाल तर जेमतेम दहापर्यंत, पण पेटीच्या भोकात नळी घालून कानाला लावली की आतल्या माश्या उपाशी आहेत की राणी मेली आहे, ते बसल्या जागी सांगायचे. ती सहा वर्षांची असताना त्यांनी तिला ओंडक्याखालचा एक बेडूक काढून दाखवला होता. दगडासारखा टणक, टकटक वाजणारा. तोच बेडूक महिनाभरानं उडी मारून गेला तेव्हा आबा म्हणाले होते, जगायचं तर काही जणांना मेल्यासारखं राहता यावं लागतं.

आता आबा अठ्ठ्याहत्तरचे होते आणि छाती गेलेली होती. खोकल्याची उबळ आली की दोन घरं पलीकडे कळायचं. डॉक्टरनं बजावलं होतं, यांना थंडी लागू देऊ नका, हा हिवाळा निघाला तर पुढचं पुढे बघू. मधवालीला जगात दुसरं कुणी नव्हतं. तिनं त्यांना घरी थांबायला सांगितलं आणि वळून बघते तो म्हातारा बूट घालून दारात उभा. माश्यांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

वाटेत सुतारभाऊ भेटला. तळघराच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तेवढी तो बघणार होता. मास्तरीणबाईही निघाल्या. त्यांचे डेलियाचे कंद तळघरात वाळूत पुरून ठेवले होते, ते कुजले तर नाहीत ना, ही चिंता त्यांना शाळेतल्या चाळीस मुलांहून जास्त होती. सुतारानं मात्र आभाळाकडे बघून पाय आखडता घेतला. रात्रभर पडलेलं बर्फ उतारावर सैल बसलं होतं आणि वारा फिरला होता. तो म्हणाला, उद्या जाऊ. मधवाली हसली. म्हणाली, "तासाभराचं तर काम आहे भाऊ. आभाळ काय रोजच डोळे वटारतं."

हे तिचं वाक्य नीट लक्षात ठेवा. तिनं ते पुढे आयुष्यभर लक्षात ठेवलं.

चौथी पेटी ऐकून झाली होती. आबा नळी कानाला लावून मान डोलवत होते, सुतार दार किलकिलं करून बिजागरीशी बसला होता. वरून आधी आवाज आलाच नाही. आधी हवा आली, तोंडावर कुणी ओला टॉवेल मारावा तशी. मग तो गडगडाट. उतारावरचं बर्फ पायऱ्यांवरून खाली आलं, दार मधोमध फुटलं, वरचा अर्धा भाग सुताराच्या पायावर पडला आणि सगळं काळं झालं.

जखम मोठी नव्हती, पण घोटा सुजून भोपळा झाला. पायऱ्या बर्फानं आणि दगडांनी गच्च भरल्या होत्या. दोन-तीन तास हातांनी उकरून बघितलं, नखं फुटली, बर्फ हललं नाही. वर कुठेतरी माणसाच्या डोक्याएवढं भोक राहिलं होतं. त्यातून उजेड खाली पोचत नव्हता. हवा मिळत होती हे खरं, पण हवेबरोबर वाराही येत होता, आणि तो फुटक्या दारातून सरळ आत घुसत होता. फळी लावून बघितली, पोती लावून बघितली. वारा ती आत ढकलून द्यायचा. टॉर्च दगडाखाली गेला होता. सुताराच्या बायकोला ते कुठे गेलेत हे माहीत होतं, म्हणजे आज ना उद्या कुणी उकरायला येणार होतं. प्रश्न तोवर निभण्याचा होता. मधवालीला काळोखात आबांचा श्वास ऐकू येत होता. बाकी कशाचं तिला सोयरसुतक नव्हतं. हा म्हातारा आपल्या हट्टापायी इथे मरू नये, एवढंच.

उपाय आबांनीच सांगितला. "माश्या काय करतात? तेच करायचं."

पेट्यांच्या भिंतीशी तिघांनी दाटीवाटीनं बसायचं, कारण बेचाळीस पेट्यांची म्हणून थोडी ऊब तिथे होतीच. अंगावर पोती घ्यायची. आणि एकानं दाराच्या फटीत वाऱ्याला पाठ देऊन बसायचं, म्हणजे आत वारा येणार नाही. त्याची पाळी झाली की त्यानं घोळक्याच्या अगदी मध्ये यायचं, पेट्यांना टेकून, आणि कडेच्या माणसानं दाराशी जायचं. पाळी किती वेळाची हे ठरवायला मास्तरीणबाईंनी युक्ती काढली. दोनपासून तीसपर्यंत पाढे म्हणायचे, सगळ्यांनी मिळून, म्हणजे कुणी झोपणारही नाही. घाई न करता बारा मिनिटं लागतात, असं त्या म्हणाल्या. तीस दाहे तीनशे झालं की मधवालीनं हाक द्यायची, "पाळी झाली, आत या." हाक आल्याशिवाय दार सोडायचं नाही.

मास्तरीणबाई म्हणाल्या, आबांना दाराची पाळी नको. सुतारही तेच म्हणाला. आबा उसळले. म्हणाले, म्हातारी माशीसुद्धा पाळी चुकवत नाही, चुकवते तिला इतर जणी ढकलून देतात. मला कुणाच्या जिवावर जगायचं नाही.

पहिला सुतार बसला, सुजलेला पाय पुढे पसरून. मग मास्तरीणबाई, मग मधवाली, मग आबा. आबांची पाळी चालू असताना मधवालीनं एकही पाढा धड म्हटला नाही. दोन आखूड, एक लांब, असा त्यांचा खोकला होता. तो ती मोजत राहिली. सतराच्या पाढ्यात तेरा वेळा. दुसऱ्या फेरीला आबा परत आले तेव्हा त्यांचे हात लाकडासारखे झाले होते आणि जीभ जड झाली होती. ते "पेटी" म्हणायच्या जागी "पाटी" म्हणत होते. मधवालीनं त्यांचे हात आपल्या काखेत धरले आणि तिला कळून चुकलं. तिसरी पाळी यांना झेपायची नाही.

तिसऱ्या फेरीला सुतार बसून आला, बाई बसून आल्या, ती बसून आली. वारा एव्हाना धारदार झाला होता. तिला स्वतःचे गुडघे जाणवत नव्हते. आत येऊन बघते तो आबा बसल्या जागी पेंगलेले. त्यांना उठवायचं आणि त्या वाऱ्यात नेऊन बसवायचं? तिच्यानं होईना. त्यांच्या जागी आपण जावं तर पाय उभे राहीनात. दुसऱ्या दोघांना सांगावं? ते गेलेही असते. पण या दोघांना इथे आणलं कुणी? उद्या जाऊ म्हणणाऱ्याला हसलं कोण? आता कोणत्या तोंडानं सांगायचं की माझ्या वडिलांच्या वाट्याची थंडीही तुम्हीच खा?

मग तिनं आबांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, वरून दोन पोती टाकली, आणि काळोखात मोठ्यानं म्हणाली, "आबा बसले दाराशी. सुरू करा बाई."

जागा रिकामी होती. बारा मिनिटं वारा येईल, येऊ दे. तेवढं चौघं सोसू, असं तिनं मनाशी म्हटलं. बाईंनी बे एके बे सुरू केलं.

वारा दोनच्या पाढ्यापर्यंत आला. तीनच्या पाढ्यात थांबला.

कमी झाला नाही, थांबला. दाराच्या फटीत कुणाची पाठ टेकल्यावर जसा थांबायचा तसा. मधवालीला आधी बरं वाटलं. वरचं भोक बुजलं असेल असं तिला वाटलं, मग हवेची भीती वाटली, पण वर वारा घुमत असल्याचा आवाज तर येत होता. तो घुमत होता आणि आत मात्र येत नव्हता. तिनं हात लांब करून दाराच्या दिशेनं धरला. काही लागलं नाही. आणखी लांब करायचा तिला धीर झाला नाही.

पाढे चालू होते. सुताराचा जाड आवाज, बाईंचा बारीक, तिचा स्वतःचा. सोळा, सतरा, अठरा. एकोणिसाच्या पाढ्यात बाई अडखळल्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. "एकोणीस सक... एकशे चौदा. एकोणीस साती... एकोणीस साती..."

"एकशे तेहतीस," दाराकडून कुणीतरी हळूच म्हणालं.

"शाबास आबा," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मधवालीच्या मांडीवर आबांचा श्वास मंद चालला होता. जेमतेम दहापर्यंत पाढे येणारा तो म्हातारा गाढ झोपला होता. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवून बघितलं. ओठ मिटलेले होते.

तीस दाहे तीनशे झालं. सगळे हाकेची वाट बघत थांबले. आत्ता खरं सांगून टाकावं, असं एकदा तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात सुतार वैतागून म्हणाला, "ताई, हाक मार ना. म्हातारा माणूस आहे, गोठेल तिकडे."

आणि तिनं हाक मारली. खोटं एकदा बोललं की त्याला पुढे टेकू द्यावेच लागतात. ती म्हणाली, "पाळी झाली... आत या."

वारा एकदम आत आला. म्हणजे जागा सुटली होती. मग पोती सरकल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी तिच्या मागून, पेट्यांच्या भिंतीला घासत, घोळक्याच्या मध्ये येऊन बसलं. अंगाला वास होता बाहेर राहिलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा, आणि ओल्या लोकरीचा. सुतार लंगडत दाराशी गेला. बाईंनी आपुलकीनं म्हटलं, "आबा, हात द्या इकडे," आणि त्या हात चोळू लागल्या.

आबांचे दोन्ही हात मधवालीच्या हातात होते.

त्या बारा मिनिटांत तिनं काय केलं? काही केलं नाही. ओरडली असती तर सुतार दाराशी, बाईंच्या हातात ते हात, बाहेर जायला वाट नाही. काळोखात कोण कुणाला धरणार होतं? मागच्या भिंतीतल्या माश्यांची गुणगुण तेवढी वाढली होती. राणी मेलेल्या पेटीतून येतो तसा एक कण्हल्यासारखा सूर त्या बेचाळीस पेट्यांतून येत होता. मध्येच बाई म्हणाल्या, किती चोळलं तरी आबांचे हात गरम होत नाहीत.

सुताराची पाळी संपत आली तेव्हा आबा जागे झाले. त्यांनी तिचा हात दाबला आणि कानाशी विचारलं, "माझी पाळी कुणी घेतली?"

"कुणी नाही आबा. जागा रिकामी होती."

"घोळक्यात जागा रिकामी राहत नाही, पोरी." ते तिच्या कानाशी आणखी सरकले. "तू आत बोलावलंस का?"

तिला रडू फुटलं. तिनं नुसती होकाराची मान हलवली, आणि काळोखातही त्यांना ते कळलं. कोण आहे, असं तिनं कसंबसं विचारलं. आबा म्हणाले, मला काय माहीत. थंडीत बाहेर राहिलेले पुष्कळ असतात. कुणीतरी असेल. पण जो बसला त्याला आत जागा मिळाली पाहिजे, आणि ज्यानं बसायचं त्यानं बसलं पाहिजे. नाहीतर हा घोळका मोडेल आणि सगळेच जातील. एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला, पण जीभ आता जड नव्हती.

तीस दाहे तीनशे झालं. मधवालीनं सुताराला आत बोलावलं. पाळी खरं तर बाईंची होती. बाई उठू लागल्या, तर आबा उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. माझी राहिली आहे."

मधवालीनं त्यांचा स्वेटर दोन्ही हातांनी धरून ठेवला. म्हणाली, जाऊ नका, मी जाते, मी सगळ्यांना सांगते. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी पेटीच्या चौकटीवरून सोडवायचे तशी. या वयात या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला, कुणास ठाऊक. ते दाराकडे गेले. वारा थांबला. पलीकडून खोकला आला, दोन आखूड आणि एक लांब.

मग मास्तरीणबाईंचा आवाज आला, अगदी बारीक, शाळेतल्या लहान मुलीसारखा.

"आबा तिकडे गेले ना? मग... माझ्या हातात हे हात कुणाचे आहेत?"

सुतारानं श्वास रोखलेला ऐकू आला. "सोडत नाहीत हो..." बाई म्हणाल्या.

"बाई, पाढे म्हणा," मधवाली म्हणाली. "आबा दाराशी आहेत. पाढे म्हणा, लवकर."

बाई म्हणाल्या. ते हात हातात घेऊन त्या माउलीनं पाढे म्हटले, याबद्दल मधवाली जन्मभर त्यांच्या पायाचं तीर्थ प्यायला तयार होती. दोन, तीन, चार. आवाज फुटत होता, पण आकडा चुकला नाही. सुतार त्यांच्या जोडीनं म्हणत होता, मधवालीही. आणि त्या तिघांच्या आवाजात चौथा आवाज मिसळला होता, पेट्यांच्या भिंतीजवळून, मऊ आणि कुठेही न अडखळणारा. मधवालीचं लक्ष मात्र दाराकडे होतं. दहाच्या पाढ्यात खोकला चार वेळा आला. पंधराच्या पाढ्यात एकदा. विसाच्या पाढ्यानंतर आलाच नाही. तिला धावत जावंसं वाटत होतं, लवकर तीसपर्यंत पोचावं आणि हाक मारावी असं वाटत होतं. पंचवीस झाले. सव्वीस एके सव्वीस, सव्वीस दुणे बावन्न...

वरून पहारीचा घाव ऐकू आला.

बाई थांबल्या. सुतार ओरडायला लागला. पहारी, फावडी, माणसांचे आवाज, मग डोक्याएवढं भोक दाराएवढं झालं आणि मावळतीचा राखाडी उजेड पायऱ्यांवरून आत आला. काळोखात सहा तास काढलेल्या डोळ्यांना तोही टोचला. मधवालीनं डोळ्यांवर आडवा हात धरून आधी दाराची फट बघितली.

फटीत कुणी नव्हतं. तिनं वळून बघितलं. पेट्यांच्या भिंतीला टेकून, घोळक्याच्या अगदी मध्ये, मास्तरीणबाईंच्या हातात हात देऊन आबा बसले होते. ते तिच्याकडे बघून हसले.

चौघं गेले होते, चौघं वर आले. सुताराची बायको रडत होती, लोक पाठीवर थापा मारत होते. मधवालीनं आबांना घट्ट मिठी मारली आणि तिला आनंदच झाला, खोटं कशाला बोलायचं? काळोखात माणसाला नाही नाही ते भास होतात. आबा पाळी अर्धी सोडून आत आले असतील. म्हातारं माणूस, किती धीर धरणार? सुतारानंही तीच समजूत करून घेतली. बाईंनी काय समजूत करून घेतली ते कळलं नाही. त्यांनी डेलियाचे कंद परत मागितले नाहीत, मधवालीच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि शाळेत पाढ्यांचा तास त्यांनी दुसऱ्या बाईंकडे दिला. पाढे पंचवीसपर्यंत बरे येतात, पुढचे विसरले, असं सांगितलं म्हणे.

आबांची तब्येत सुधारली. खोकला पार गेला. वाऱ्यात बसून छाती बरी झालेला माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय, असं डॉक्टर म्हणाला आणि त्यानं त्याचं श्रेय आपल्या गोळ्यांना दिलं. आबा शेगडीजवळ बसून राहायचे. पूर्वी ते घरात टिकायचे नाहीत. आता अंगणातसुद्धा येईनात. माश्यांचं नाव काढत नव्हते. वसंतात पेट्या बाहेर काढल्या, पहिली माशी फुलावर बसली, ती सांगायला मधवाली धावत आली, तर ते "छान झालं" म्हणाले आणि त्यांनी खुर्ची शेगडीच्या आणखी जवळ ओढली. पण स्वभाव असा मऊ झालेला की काय सांगावं. तिच्यावर कधी खेकसले नाहीत. ती दमून आली की तिच्यासाठी चहा करून ठेवायचे. ती आजारी पडली तेव्हा चार दिवस उशाशी बसून होते. शेजारणी म्हणायच्या, असा बाप मिळायला भाग्य लागतं. तिलाही तसंच वाटायचं. फक्त रात्री निजण्याआधी ती त्यांचे पाय चेपायची, आणि ते पाय शेगडीजवळ दिवस काढूनही कधी गरम लागले नाहीत.

पानगळ संपली. पेट्या पुन्हा तळघरात न्यायचे दिवस आले. मोडलेलं दार सुतारानं उन्हाळ्यात काढून टाकलं होतं आणि नवं करून ठेवलं होतं, बसवायचं राहिलं होतं. एका दुपारी दोघांनी मिळून पेट्या उतरवायला सुरुवात केली. वारा सुटला होता, बर्फाची पहिली भुरभुर सुरू झाली होती. सुतार शेवटच्या पायरीवर पेटी ठेवून कमरेवर हात ठेवत म्हणाला, "जागा मात्र झकास आहे ताई. दार नाही तरी वारा म्हणून आत येत नाही."

तो पुढची पेटी आणायला वर गेला. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं, तो जागेच्या कौतुकातच होता.

मधवाली आत उभी होती. वर वारा घुमत होता. पायऱ्यांवर बर्फाचे कण गोल गोल फिरत होते. ते दाराच्या चौकटीपर्यंत यायचे आणि तिथून मागे फिरायचे. तिनं हात पुढे केला. मागच्या वर्षी केला नव्हता तेवढा लांब केला. हात मोकळ्या हवेतून गेला, पण तळहाताच्या अलीकडे वारा नव्हता आणि पलीकडे होता.

आबांची ती शेवटची पाळी तीसपर्यंत पोचलीच नव्हती. हाक आल्याशिवाय दार सोडायचं नाही, असं ठरलं होतं, आणि ठरलेलं न मोडणारा माणूस या डोंगरावर एकच होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार शब्द तर म्हणायचे होते. पण ती थांबली. कारण तिथे बसलेलं खरंच आबा असतील तर हाक मारल्यावर ते आत येतील. आणि नसतील, तर? घरी शेगडीपाशी बसलेले खरे असतील, आणि इथे बसलंय ते दुसरंच कुणी, पुन्हा एकदा तिच्या हाकेची वाट बघत? एक आत आला की एक बाहेर जातो. आपण कुणाला बाहेर घालवतोय हे कळल्याशिवाय हाक कशी मारायची?

"आबा?" तिनं चौकटीकडे बघून अगदी हळू विचारलं. "तुम्ही आहात का?"

चौकटीतून काही उत्तर आलं नाही. उत्तर वरून आलं.

"नको गं बोलावूस."

आबा पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे होते. वर्षभर अंगणात न आलेला तो माणूस उघड्या डोक्यानं, घरातल्या चपलांवर एवढं चालत आला होता. भुरभुरीत त्यांचे पांढरे केस उडत होते. ते रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर धरून ठेवणाऱ्या पोरासारखा झाला होता आणि दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले होते.

"मला बाहेर पाठवू नकोस," ते म्हणाले. "मी तुझ्याशी कधी वाईट वागलो का?"

नव्हते वागले. तिला आठवून आठवून एक गोष्ट सापडली नाही. ती वर त्यांच्याकडे बघत राहिली, मग चौकटीकडे, मग पुन्हा वर. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. मग सुतार पुढची पेटी घेऊन आला. आबा थंडीत उघड्यावर उभे आहेत हे बघून तो त्यांना रागावला आणि स्वतःचा मफलर काढून त्यांच्या डोक्याला गुंडाळला.

मधवालीनं डोळे पुसले. दिवस लहान होता आणि एकतीस पेट्या अजून बाहेर होत्या. तिनं खालची पेटी उचलून भिंतीला लावली, मग दुसरी. सुतार नवं दार उद्या बसवतो म्हणाला, तर तिनं नको सांगितलं. यंदा दाराशिवाय चालेल, उजेड अडवायला आतून पोतं टांगू, म्हणाली. काम संपल्यावर ती आबांचा हात धरून घरी गेली. जाताना तिनं अंगावरचं कांबळं काढलं आणि दाराच्या चौकटीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, हवेत हलकेच ठेवलं. ते खाली पडलं नाही.